पाणवाटेवरचा खुंट

कोंडीरामला पोहता येत होतं, माडावर चढता येत होतं, मारका बैल वळवता येत होता आणि वेळ पडली तर ओव्हरसियरलाही वळवता येत होतं. खोटं मात्र त्याला धड बोलता येत नसे. खोटं बोलला की त्याचा उजवा हात आपोआप मुंडाशाकडे जाई आणि मुंडासं नीट असलं तरी तो ते सारखं करी. त्याच्या बायकोला, पारूबाईला, हे लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं. सरकारला चौदा वर्षं कळलं नाही.

चौकच्या पुढे, इरशाळच्या अंगाला खैरवट नावाचं गाव होतं. होतं असंच म्हणायला हवं, कारण अडुसष्ट साली ते धरणात गेलं. माणसं वर हलवली, देव वर हलवले, कौलं आणि वासेसुद्धा हलवले. झाडं कशी हलवणार? ती तोडायची ठरली, आणि तोडणाऱ्या टोळीचा मुकादम म्हणून कोंडीरामला नेमलं. गावातलं प्रत्येक झाड त्याला त्याच्या मालकासकट ठाऊक होतं. हुकूम साधा होता: झाड जमिनीसरशी तोडायचं, खुंट ठेवायचा नाही. पुढंमागं पाण्यात नाव फिरली तर तिला काही लागू नये.

जमिनीसरशी झाड तोडणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच कळतं. उकिडवं बसून घाव घालायचा, कुऱ्हाड मातीत जाते, खड्यावर आपटते, दर घटकेला धार मरते. टोळीतले गडी कुरकुरायचे, "दादा, कमरंएवढं ठेवू की. पानी आल्यावर कोन बघतंय?" कोंडीराम ऐकायचा नाही. झाड पडलं की तो स्वतः वाकून खुंटावरून तळवा फिरवायचा. तळव्याला कड लागली तर पुन्हा घाव घालायला लावायचा. मालोजीचा रायवळ आंबा गेला, देवळाजवळचा बकुळ गेला, खालच्या अंगाला बौद्धवाडीतली तीन माणसांच्या कवेत न मावणारी चिंच गेली. चिंचेला दोन दिवस लागले. तिच्यावरूनही त्यानं तळवा फिरवला आणि गुळगुळीत लागल्यावरच तो उठला.

सगळ्यात शेवटी त्याच्या स्वतःच्या अंगणातलं जांभूळ राहिलं.

त्याची आई भागूबाई सकाळपासून त्या झाडाखाली बसून होती. घराची कौलं उतरली होती, भिंती तेवढ्या उभ्या होत्या. ती म्हणाली, "कोंड्या, बुडाशी नको रं घालू. पुरुषभर ठेव. उन्हाळ्यात पानी उतारलं म्हंजे टोक तरी दिसंल. घर कुठं व्हतं ते तरी कळंल मला."

"हुकूम हाय आये."

"मी काय सरकारची नाव बुडवायला बसलेय व्हय?"

कोंडीरामनं गड्यांना त्या दिवशी लवकर सोडलं. मग एकट्यानं कुऱ्हाड घेतली आणि जांभूळ पुरुषभर उंचीवर तोडलं. उभ्यानं घाव घालता आले, म्हणून काम झटपट झालं. दुसऱ्या दिवशी ओव्हरसियरच्या कागदावर त्यानं सही केली, की गावातली सर्व झाडं जमिनीसरशी तोडलेली आहेत. सही करताना डाव्या हातानं कागद धरला होता आणि उजव्या हातात टाक होता, म्हणून मुंडासं तेवढं वाचलं.

या चोख कामाबद्दलच पुढं त्याला धरणावर चौकीदाराची नोकरी मिळाली. शिट्टी, खाकी कोट, पाणी मोजायची पट्टी आणि कालव्याच्या दाराची किल्ली. दर उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जांभळाचं वीतभर टोक वर येई आणि त्यावर पाणकावळा पंख पसरून बसे. लांबून पाहणाऱ्याला तो काळा दगड वाटे. भागूबाई काठावर येऊन उभी राही, डोळ्यांवर हात धरी आणि म्हणे, "हाय. तिथंच हाय." मग हळदकुंकवाची चिमूट पाण्यात सोडून घरी जाई. शहात्तर साली ती गेली. जांभूळ काही गेलं नाही. जांभळाचं लाकूड पाण्यात कुजत नाही, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. विहिरीच्या तळाला लोक जांभळाचीच चौकट घालतात.

आता हिरामणबद्दल सांगायला हवं, कारण पाप एकट्याचं असलं तरी ते फेडायला दुसरा लागतोच.

हिरामण बौद्धवाडीतला. गाव उठलं तेव्हा अठरा वर्षांचा होता. पुढं आईला, सोनुबाईला, घेऊन मोहोपाड्याला गेला आणि रसायनीतल्या एका कारखान्यात लागला. तिथं आम्लाच्या टाक्यांना आतून काचेच्या कापडाचं अस्तर लावायचं काम असे. काचेचं कापड अंथरायचं, वर चिकट रेझिन फासायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही. हिरामणच्या हाताखालून गेलेली टाकी कधी गळली नाही असं कारखान्यात म्हणत. कारखान्याच्या कॉलनीत एक क्लब होता आणि त्याचे सेक्रेटरी होते कमळाकर कर्णिक. हा गृहस्थ बुद्धिबळ, गिर्यारोहण, फोटोग्राफी असं सगळं करून झाल्यावर होड्यांकडे वळला होता. मुंबईच्या कुठल्याशा क्लबातून त्यांनी समुद्रात चालवायची एक लांबडी, निमुळती कयाक उसनी आणली आणि हिरामणला विचारलं, "असल्या सहा होतील?"

हिरामणनं तिच्यावरून साचा घेतला आणि ड्यूटी संपल्यावर चार महिने खपून सहा कयाकी केल्या. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा वेगळा, मग दोन्हींना सांधणारी जोडपट्टी. रंग नारिंगी दिला, लांबून दिसावा म्हणून. माणूस आत कमरेपर्यंत बसे, पाय पुढं लांब सोडी आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारी. धरणावर त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा नव्या खैरवटातल्या बाया हसून लोटपोट झाल्या. "अगं, शेंगा आल्या गं शेंगा! आन् शेंगंत एकेक दाना!" तेव्हापासून त्यांना शेंगा हेच नाव पडलं.

ब्याऐंशी सालच्या शिमग्याच्या आधी कर्णिक साहेबांनी बेत आखला, की सहा जणांनी धरणाच्या काठाकाठानं पूर्ण फेरी मारायची. वाटेत सहा थांबे, प्रत्येक थांब्याला चुन्यानं रंगवलेला दगड आणि बांबूवर फडकं. याला त्यांनी 'पाणवाट' असं नाव दिलं. पुढंमागं कोणीही यावं, नकाशा हातात घ्यावा आणि त्या वाटेनं जावं. वाट दाखवायला अर्थातच कोंडीराम. धरणाच्या पोटात काय आहे हे त्याच्याहून जास्त कोणाला माहीत असणार?

तो खात्याच्या नावेतून कर्णिक साहेबांबरोबर दोन दिवस फिरला. ओव्हरसियरही हौसेनं बरोबर बसला होता. कोंडीराम दाखवत गेला. हा देवळाचा चौथरा, ही मालोजीच्या विहिरीची कड, हा खडक. कर्णिक साहेब नुसतं ऐकून घेणारे नव्हते. प्रत्येक जागी लांब बांबू खाली घालून टोचून बघायचे आणि नकाशावर तांबडी फुली मारायचे. जांभळाच्या जागेजवळ नाव आली तेव्हा कोंडीरामच्या जिभेवर आलं होतं, की इथं काळा दगड आहे. पण साहेब बांबू घालणार. बांबू दगडावर वाजतो आणि लाकडावर दबतो. आणि शेजारी ओव्हरसियर.

"झाडांचे खुंट वगैरे?" कर्णिकांनी विचारलं.

"नाय साहेब. समदी झाडं मी सोता तोडलीत. जमिनीसरशी." कोंडीरामनं मुंडासं सारखं केलं. "हितनं जरा लांबनं जावा म्हंजे झालं. चिखल हाय."

चिखल म्हटल्यावर कोण बांबू घालतो?

त्याच्या मनात दुष्टावा नव्हता, हेही सांगायला पाहिजे. त्यानं मोजलं होतं. जांभळाच्या टोकावर त्या दिवशी अडीच हात पाणी होतं आणि शेंग बुडते वीतभर. तिला लागतंय कशाला? पण शिमगा आला आणि फेरी दोन आठवडे पुढं गेली. आदल्या वर्षी पाऊस लवकर सरलेला. खालच्या गावांचं उन्हाळी भात तहानलेलं. कालवा रात्रंदिवस भरून चालला होता, आणि त्याचं दार रोज सकाळी कोंडीरामच्याच हातानं उघडत होतं. पट्टीवरचा आकडा त्याच्या डोळ्यांदेखत उतरत होता. अडीचाचे दोन झाले, दोनाचा एक झाला, एकाची जेमतेम वीत उरली. सांगू, उद्या सांगू, असं करता करता रविवार उजाडला. आंधळ्याला दिसत नाही म्हणून माफी असते. याला सगळं दिसत होतं.

त्या सकाळी पाणी आरशासारखं होतं. सहा शेंगा धरणाच्या भिंतीकडून निघाल्या. पुढं कर्णिक साहेब, मागं कारखान्यातले चौघे आणि सगळ्यात शेवटी कॉलनीच्या शाळेतल्या विमलबाई. बाईंना पाण्याची भीती होती आणि ती मोडायची म्हणूनच त्या आल्या होत्या. कोंडीराम काठाकाठानं पायी चालत होता, खांद्यावर भाकऱ्यांचं गाठोडं आणि हातात चहाची किटली. हिरामण भिंतीवर थांबला होता. आपली सहा पोरं शाळेत निघाल्यासारखा तो त्या होड्यांकडे बघत होता.

तीन थांबे छान झाले. चौथ्या थांब्यावर कोंडीराम चुलीला फुंकर घालत होता. पाच शेंगा लांबून वळसा घालून आल्या. विमलबाई मागं पडल्या होत्या. सगळे पोचलेले पाहून त्यांनी वळसा सोडला आणि सरळ रेघ धरली. चिखलाला कोण घाबरतं?

कोंडीरामनं मान वर केली आणि त्याच्या हातातली फुंकणी गळाली. "बाई! लांबनं! लांबनं या!" तो ओरडत सुटला. बाईंना वाटलं, तो शाबासकी देतोय. त्यांनी वल्हं उंचावून दाखवलं आणि जोर केला.

शेंग थांबली. धावता बैल दाव्याला हिसका बसून थांबावा तशी थांबली, आडवी फिरली आणि तिच्या कुशीतून करकर आवाज आला. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा दोन हात लांबीत उकलला. बाईंच्या अंगात तरंगणारं जाकीट होतं, पण पाय आत अडकलेले. शेंग भरली, कलंडली आणि बाईंचं डोकं पाण्याखाली गेलं.

कोंडीरामनं कोट काढला नाही, वहाणा काढल्या नाहीत. चोपन्न वर्षांचा माणूस, पण त्या दिवशी त्याच्यासारखं कोणी पोहलं नसेल. त्यानं बाईंच्या काखेत हात घातला, पाय ओढून सोडवले आणि त्यांचं तोंड पाण्याबाहेर धरून ठेवलं. बाकीचे पोचेपर्यंत एका हातानं त्यानं बाईंना धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं, पाण्याखाली, आपल्या अंगणातलं जांभूळ.

बाई वाचल्या. पोटातलं पाणी निघालं, चहा घेतला आणि मग त्या थरथर कापत रडल्या. सगळे त्यांच्याभोवती होते. फुटकी शेंग कोंडीरामनं काठावर ओढून आणली. खड्यांवरून खरखर ओढत आणली, आणि ज्या कुशीला खुंट लागला होता तीच कूस खाली ठेवून आणली. मुद्दाम? हे त्याला त्या दिवशीही सांगता आलं नसतं आणि पुढंही कधी आलं नाही. पण ओढून झाल्यावर त्या कुशीवर इतके ओरखडे होते, की त्यातला कोणता कशाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

कर्णिक साहेबांनी वाकून पाहिलं. "सांधा उघडलाय," ते म्हणाले. "जोड कच्ची होती."

हिरामण भिंतीवरून धापा टाकत आला होता. त्यानं गुडघे टेकले, जोडपट्टीवरून बोट फिरवलं, एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग मान वर करून त्यानं कोंडीरामकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"व्हय साहेब," तो म्हणाला. "जोड उघडलीया."

पंधरा दिवसांनी कॉलनीच्या हॉलमध्ये कोंडीरामचा सत्कार झाला. शाल दिली, नारळ दिला. विमलबाई बोलताना गहिवरल्या. कोंडीरामला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा तो उभा राहिला, मुंडासं सारखं केलं आणि खाली बसला. लोकांना वाटलं, काय हा विनय! टाळ्या थांबेनात. शेवटच्या रांगेत हिरामण होता, तोही वाजवत होता. त्याच आठवड्यात त्याला अस्तराच्या कामावरून काढून पिंपं चढवण्या-उतरवण्याच्या कामाला लावलं होतं. ज्याच्या कच्च्या सांध्यापायी माणूस बुडतो त्याच्या हातात आम्लाची टाकी कोण देणार? पाच शेंगा गोदामात उलट्या टांगल्या गेल्या. पाणवाटेचा नकाशाही कुठंतरी गुंडाळून पडला. आणि लोक बोलायचं ते बोललेच. 'यांची कामं अशीच' असं म्हणणारा एखादा कुठंही निघतो, तसा तिथंही निघाला. कोंडीरामनं ते कानांनी ऐकलं आणि तो हातातल्या नारळाची शेंडी कुरवाळत बसला.

बाहेर पडताना हिरामणनं त्याला गाठलं आणि त्याचे दोन्ही हात धरले.

"दादा, तुमी व्हता म्हनून. नायतर माज्या हातनं बाईंचा जीव गेला असता. जलमभर इसरनार नाय मी."

कोंडीरामला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. जमीन कशाला घेते?

शाल त्यानं ट्रंकेत तळाशी ठेवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं त्याचं झालं. धरणावर कोणी आलं की त्याला वाटे, खुंटाची चौकशी करायला आलं. जेवण जाईना. ओव्हरसियर म्हणाला, "कोंडीराम, तुझा तर फोटो लावायला पाहिजे ऑफिसात." तर हा दिवसभर कोणाशी बोलला नाही. स्वतःशी मात्र भांडायचा. मी काय केलं? आईचं ऐकलं. आईचं ऐकणं पाप आहे? आणि हिरामणची नोकरी तर आहे ना, पिंपं तर पिंपं. असं म्हणायचा आणि मग ते गुडघे टेकून जोडपट्टीवरून फिरणारं बोट त्याला दिसायचं.

वैशाखात धरण कधी नव्हे इतकं आटलं. जांभूळ यंदा टोकापुरतं नाही, मुळापर्यंत उघडं पडलं. पुरुषभर उंच, काळंकुट्ट, भोवती अंगणाची दगडी कड. कोंडीराम सकाळी कुऱ्हाड घेऊन तिथं गेला. जमिनीसरशी करून टाकायचं, म्हणजे प्रश्नच मिटला. जवळ गेल्यावर दिसलं, की टोकाशी एका बाजूला नारिंगी रंग घासला गेलाय, चार बोटं रुंद. लग्नात हळदीचा हात भिंतीवर उमटवतात तसा. त्यानं नखानं खरवडून पाहिला. रंग निघेना. हिरामणचं काम पक्कं होतं.

त्यानं कुऱ्हाड उचलली. आई डोळ्यांवर हात धरून काठावर उभी आहे असं त्याला वाटलं. कुऱ्हाड तशीच खाली ठेवून तो घरी आला.

पारूबाई तांदूळ निवडत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला काय नवं सांगताय? सत्काराला मुंडासं सारखं केलंत तवाच कळलं." मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "सासूबाईंचं नाव पुढं करू नगा. त्या गेल्या. हिरामण जिता हाय."

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या. जेवन तर आत्ताच जात नाय तुमाला."

कोंडीराम ट्रंकेतली शाल काखेत मारून मोहोपाड्याला गेला. हिरामण सुटी असल्यानं घरीच होता. पिंपांनी त्याच्या तळव्यांना घट्टे पडले होते. सोनुबाई दारात ऊन घेत बसली होती. तिला आता कमीच दिसायचं. "कोन? कोंडीराम? ये रं बाबा. बाईला वाचवलंस म्हनं. देवमानूस रं तू," ती म्हणाली. कोंडीराम तिच्यापुढून मान खाली घालून आत गेला.

त्यानं सांगितलं. मधे एकदाही मुंडाशाला हात लावला नाही. खुंट, आई, कागदावरची सही, चिखल, अडीच हात पाणी, खड्यांवरून ओढलेली शेंग, सगळं. हिरामण ऐकत होता. शिव्या देईल, अंगावर येईल असं कोंडीरामला वाटत होतं. तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं.

"मला त्याच दिवशी कळलं व्हतं दादा," हिरामण हळू म्हणाला. "जोड आपसूक सुटली तर पट्टी सुटती. ही फाटली व्हती. खालनं कायतरी आडवं लागल्याबिगार अशी फाटत नाय. माज्या तोंडावर आलं व्हतं, साहेब, हा खुंट हाय."

"मग बोलला का नाय रं?"

"तुमच्याकडं बघितलं म्हनून. आमची चिंच तुमी तोडत व्हतात तवा मी तिथंच बसलो व्हतो. माज्या आयनं तुमचं पाय धरलं व्हतं. म्हनाली, बाबा, कंबरंएवढी तरी ठेव. लगीन झाल्यापास्नं हिच्या सावलीला बसलेय. तुमी म्हनालात, सोनुकाकी, हुकूम समद्यांना सारखा. न् बुडापासनं तोडलीत. वरनं तळवा फिरवलात. मला तवा राग आला व्हता, पन वाटलं, मानूस सच्चा हाय. त्यानं आमची ठेवली नाय तर कुनाचीच ठेवली नसंल. मग खुंट येनार कुठनं? म्हनून मी माज्या हाताला खोटं ठरवलं."

कोंडीरामला ते आठवत नव्हतं. चिंच आठवत होती, दोन दिवस लागले तेही आठवत होतं, तळव्याला लागलेला गुळगुळीतपणाही आठवत होता. पाय धरलेली बाई आठवत नव्हती. गेले दोन महिने तो ज्या पापानं पोळत होता ते त्याला पाठ झालं होतं. हे दुसरं त्याच्या गावीही नव्हतं.

शाल तिथंच विसरून तो उठला आणि सरळ कर्णिक साहेबांच्या बंगल्यावर गेला.

पुढचं सगळं रीतसर झालं. कर्णिक साहेब, ओव्हरसियर आणि हिरामण असे तिघे येऊन खुंट पाहून गेले. कर्णिकांनी नारिंगी डागावर बोट ठेवलं आणि तिथंच, चारचौघांत, हिरामणची माफी मागितली. एवढं मन त्या माणसाला होतं. हिरामण अस्तराच्या कामावर परत गेला. कोंडीरामची शिट्टी, कोट आणि किल्ली काढून घेतली आणि त्याला कालव्यातला गाळ उपसणाऱ्या टोळीत घातलं. खुंट जमिनीसरशी करण्याचा हुकूम निघाला. तो त्यानंच बजावला. उकिडवं बसून, धार मरत, दीड दिवस. शेवटी त्यानं तळवा फिरवला आणि मग आईचं नाव घेऊन खूप रडला.

पावसाला चार दिवस राहिले असतील. हिरामण सोनुबाईला घेऊन आला. धरणाचा तळ भेगाळला होता, खालच्या अंगाला बौद्धवाडीही कितीतरी वर्षांनी उघडी पडली होती. गाळ उपसायचं टाकून कोंडीराम त्यांच्याकडे गेला. म्हातारीचा हात हिरामणच्या खांद्यावर होता.

"कोंडीराम, माजी चिंच कुठं व्हती रं? दिसत तर काय नाय. हात लावून बघावा म्हनलं."

"दावतो की काकी," तो म्हणाला. गावातलं प्रत्येक झाड त्याला ठाऊक होतं. तो वाडीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. इथं. की तिथं? सगळीकडं एकसारखा गाळ होता. त्यानं पहार आणली आणि टोचत सुटला. पाच पावलं इकडं, पाच तिकडं. पहार दर वेळी मऊ मातीत जाई. कंबरेएवढी ठेवली असती तर लांबूनच दिसली असती. वीतभर ठेवली असती तरी पहारेला लागली असती. ऊन चढलं, तो घामानं निथळला, गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी गाळ उकरू लागला. हिरामण एकदा म्हणाला, "दादा, बास." तरी तो थांबेना.

शेवटी सोनुबाईच चाचपडत जवळ आली. तिनं त्याच्या डोक्यावर, मुंडाशावर, हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे रं बाबा," ती म्हणाली. "तू काम लई चोख केलंस."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरंच तसं म्हणत होती. कोंडीराम हात गाळात तसेच ठेवून बसून राहिला, आणि हिरामण आईला सावरत काठाकडे घेऊन गेला.